थिंगवेलिरची शपथ-सहल : एका अभ्यासदौऱ्याचे परीक्षण

रेक्याविकहून थिंगवेलिरला जाणाऱ्या बहुतेक सहली त्याच दिवसात गेसिरचे उष्ण फवारे आणि गुलफॉसचा धबधबाही उरकून घेतात. त्यामुळे इ.स. 930 पासून 1798 पर्यंत जिथे आइसलँडची महासभा, म्हणजे आल्थिंग, भरत आली त्या जागेच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो, आणि तोही छायाचित्रे काढण्यात जातो. प्रस्तुत परीक्षण ज्या सहलीचे आहे ती या पठडीतली नाही. एका छोट्या स्थानिक संस्थेतर्फे चालणारा हा पूर्ण दिवसाचा अभ्यासदौरा आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या श्रद्धेत शपथ, मान आणि स्वतःच्या कृत्याची जबाबदारी यांना काय स्थान होते, एवढा एकच विषय त्यात घेतला जातो. माझे मत आधीच सांगतो. ज्याला या विषयाची खरी आस्था आहे त्याने ही सहल जरूर करावी; मात्र सहलीबरोबर हाती दिली जाणारी पुस्तिका प्रमाण मानू नये. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गट लहान असतो, गाडी वेळेवर निघते, भाषा इंग्रजी असते आणि दुपारचे जेवण साधे पण पुरेसे असते. चालणे बरेच आहे, परंतु वाट बांधलेली असल्यामुळे ते अवघड नाही. खरी गोष्ट आहे ती मार्गदर्शिकेची. त्यांचे शिक्षण मध्ययुगीन इतिहासातले, आणि त्या उगाच आवाज चढवून नाट्य करीत नाहीत. वायकिंग म्हटले की शिंगांचे शिरस्त्राण आणि रक्तपात एवढेच दाखवणारी जी धंदेवाईक रीत पडली आहे तिचा इथे लवलेशही नाही, आणि एवढ्यानेच मन निम्मे निश्चिंत होते.

अल्मन्नाग्याऊच्या खडकाळ घळीच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी सुरुवात केली ती देवांपासून नव्हे. त्या काळच्या आइसलँडमध्ये काय नव्हते, ते त्यांनी आधी सांगितले. राजा नव्हता, शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता, आणि न्यायालयाचा निवाडा अमलात आणणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. महासभेत न्यायालये बसत, साक्षी होत, निवाडा जाहीर होई. पण निवाडा ज्याच्या बाजूने लागला त्यानेच तो आपल्या बळावर, आप्तांच्या आणि आपल्या गोदीच्या मदतीने अमलात आणायचा असे. गोदी हा त्या काळचा सरदार. देवळाचा सांभाळ आणि आपल्या लोकांचे तंटे, दोन्ही त्याच्याकडे असत. कायदासुद्धा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांसाठी होई, आणि दर उन्हाळ्यात एक तृतीयांश याप्रमाणे त्या तीन वर्षांत त्याने संपूर्ण कायदा लोकांसमोर तोंडपाठ म्हणून दाखवायचा असा नेम होता. कायदे प्रथम लेखी स्वरूपात उतरवले गेले ते 1117 आणि 1118 च्या दरम्यानच्या हिवाळ्यात. जिथे दस्तऐवज नाही आणि दंडुका उगारणारे शासनही नाही, तिथे माणसाने साक्षीदारांसमोर उच्चारलेला शब्द हाच करार, हाच पुरावा आणि हीच जामीनकी ठरते, ही बाब त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात इतकी स्वच्छ मांडली की पुढचे सगळे तिच्याच आधाराने समजत गेले. मानाची कल्पना नॉर्स लोकांच्या शूर स्वभावातून आली, असे मोघम बोलण्याची सवय अनेकांना असते. त्यापेक्षा ही मांडणी कितीतरी सरस आहे.

यानंतर लोगबेर्गकडे, म्हणजे कायद्याच्या खडकाकडे, जाताना त्यांनी पिशवीतून चांदीचे एक कडे काढले आणि ते सर्वांच्या हातातून फिरू दिले. कडे नव्याने घडवलेले होते, पण वजन जुन्या नियमाप्रमाणे दोन ओयरिर, म्हणजे साधारण 54 ग्रॅम, ठेवलेले. ते जाड, कसलीही नक्षी नसलेले, आतल्या बाजूने हातोडीचे ठसे बोटाला लागतील इतके ओबडधोबड होते, आणि वाऱ्यामुळे इतके गार पडले होते की मुठीत धरल्यावर तळवा बधिर व्हायला लागला. प्रत्येकाने ते एका हातात धरून थांबायचे आणि मार्गदर्शिका शपथेचे शब्द ऐकवतील, एवढाच त्यांचा आग्रह होता. कुणालाही शपथ घ्यायला लावली नाही, हे मला विशेष आवडले. शपथेचा खेळ करणे या विषयाला शोभले नसते.

ते शब्द ज्या कायद्यातले आहेत तो उल्फल्योत याच्या नावावर सांगितला जातो. नॉर्वेतून महासभेसाठी कायदा घेऊन आलेला तो माणूस. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मुख्य देवळात वेदीवर किमान दोन ओयरिर वजनाचे कडे असावे, सभा भरली की गोदीने ते हातात घालावे, आणि त्याआधी त्याने स्वतः बळी दिलेल्या बैलाच्या रक्ताने ते माखावे. न्यायालयापुढे ज्याला काही काम असेल, मग तो फिर्यादी असो, साक्षीदार असो की निवाडा देणारा असो, त्याने त्या कड्यावर शपथ घ्यायची. फ्रेयर, न्योर्ड हे देव आणि सर्वशक्तिमान आस, म्हणजे देव, यांनी आपल्याला साह्य करावे, कारण आपण आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत खऱ्या, न्याय्य आणि कायदेशीर रीतीने वागणार आहोत, असा तिचा आशय आहे. एरबिग्या सागेत, म्हणजे आइसलँडच्या एका जुन्या गद्यकथेत, थोरोल्फ मोस्त्रारस्केग्ग याच्या देवळातले जे कडे वर्णिले आहे ते याहून फार मोठे, 20 ओयरिर वजनाचे आणि जोड नसलेले आहे. मार्गदर्शिकेने एक सावधगिरीही लगेच बाळगली, आणि तिचा उल्लेख केलाच पाहिजे: ही सर्व वर्णने ख्रिस्ती झालेल्या आइसलँडमध्ये, धर्मांतरानंतर दोन-तीन शतकांनी लिहिली गेली आहेत, आणि त्यांतला किती भाग प्रत्यक्ष स्मृतीतून आला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पैसे देऊन आलेल्या प्रवाशांना अशी शंका सांगण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते.

जबाबदारीचा भाग मला सर्वांत जास्त मोलाचा वाटला, आणि त्यासाठी सहलीत वेळही भरपूर ठेवला आहे. जुन्या झोपड्यांचे, म्हणजे सभेच्या काळात लोक ज्यांवर छत घालून राहत त्या भिंतींचे, गवताने झाकलेले अवशेष ओक्सारा नदीच्या काठी दिसतात. तिथे बसून त्यांनी ग्रागास या कायदासंग्रहातला एक नियम सांगितला. कुणी कुणाला ठार मारले, तर मारणाऱ्याने वाटेतल्या पहिल्या घरी, आणि तिथे मृताचे नातलग असतील तर त्याच्या पुढच्या घरी, जाऊन ‘हे मी केले’ असे जाहीर करायचे. जाहीर केले तर तो मनुष्यवधाचा तंटा होई. त्यावर दावा लागे, भरपाई ठरे, कधी हद्दपारी होई. लपवले, तर मात्र तो चोरून केलेला खून ठरे, आणि त्यासारखी नीच गोष्ट दुसरी नव्हती. आजच्या नजरेला हे विचित्र वाटते, कारण प्रेत दोन्ही वेळा सारखेच असते. पण त्या समाजात आपल्या कृत्यापासून नामानिराळे राहणे हा कृत्याहूनही मोठा दोष होता, आणि हा कायदा त्याचा धडधडीत पुरावा आहे.

याच ओघात हद्दपारीचेही दोन प्रकार त्यांनी समजावले. सौम्य शिक्षेत माणसाने तीन वर्षे देशाबाहेर राहायचे. त्यासाठी आपल्या जिवाचे मोल म्हणून एक मार्क, म्हणजे आठ ओयरिर, भरायचे, आणि ते भरले नाही तर तो पूर्ण बहिष्कृत ठरे. पूर्ण बहिष्कृताला कुणी अन्न द्यायचे नाही, आसरा द्यायचा नाही, नदी पार करून द्यायची नाही, आणि कुणीही त्याला मारले तरी भरपाई नाही. तांबडा एरिक थोर्सनेसच्या सभेत तीन वर्षांसाठी हद्दपार झाला आणि त्याच तीन वर्षांत त्याने ग्रीनलंडचा किनारा धुंडाळला, ही ओळखीची कथा इथे नव्या अर्थाने भेटते: त्याने शिक्षा भोगली आणि मुदत संपल्यावर तो परत आला. याहूनही मनात राहिली ती एक वेगळी प्रथा. तंट्यातला एक पक्ष कधी कधी भरपाई ठरवण्याचा अधिकार सरळ आपल्या विरोधकाच्याच हाती देई. विरोधकाने वाटेल ते मागावे, आपण ते देऊ, असे सर्वांसमक्ष कबूल करायचे. अशा वेळी ज्याच्या हाती अधिकार आला त्याची इभ्रत पणाला लागे, कारण अवाजवी मागणी केली तर देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचेच नाव खराब होई. नॉर्स मान म्हणजे फक्त सूड, असे ज्यांना वाटते त्यांनी हा भाग लक्षपूर्वक ऐकावा.

देवांचा विषय निघाला तो दुपारनंतर. स्त्रीपुरुषांनी एकमेकांना दिलेली वचने ऐकणारी आणि ती मोडणाऱ्यांचा समाचार घेणारी वार नावाची देवी, आणि फेनरिर लांडग्याच्या जबड्यात हात ठेवणारा देव टीर, या दोघांवर त्यांनी भर दिला. टीरची कथा त्यांनी फार उत्तम सांगितली. देवांना लांडग्याला बांधायचे होते. साखळ्या तो तोडत होता. शेवटी मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे अशा नसलेल्या वस्तूंपासून वळलेला रेशमी दोर आणला गेला. लांडग्याला कपटाचा वास आला आणि त्याने तारण म्हणून एका देवाचा हात आपल्या तोंडात मागितला. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. टीरने उजवा हात पुढे केला. दोर तुटला नाही, देव हसले, आणि टीरचा हात गेला. मार्गदर्शिकेने इथे एक प्रश्न गटापुढे ठेवला: देवांचा शब्द खोटाच होता, मग टीरने मान राखला की घालवला? त्यावर बराच वेळ चर्चा झाली. माझ्या मते टीरने फसवणुकीत भाग घेतला, पण तिची किंमत दुसऱ्यावर ढकलली नाही, आणि ही कथा जपून ठेवणाऱ्या लोकांना तेवढेच सांगायचे असावे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार अशी की, हाच प्रश्न त्यांनी देवांचा प्रमुख ओडिन याच्याबाबत विचारला नाही. गटातल्या एकाने थेट विचारले की शपथा मोडल्याच जात नसत काय. त्यावर मोडणाऱ्याला समाजात स्थान उरत नसे, एवढेच उत्तर मिळाले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हावामाल या काव्यात ओडिनने कड्यावर शपथ घेतली आणि तरी मद्य चोरून नेले, आता त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा, असे उघड म्हटले आहे. वोलुस्पा या काव्यात देवांनीच आपली वचने मोडल्याचा उल्लेख येतो, आणि त्याच काव्यात पुढे खोट्या शपथा घेणारे मृत्यूनंतर जड प्रवाहांतून तुडवत जाताना दिसतात. विगा-ग्लूमच्या सागेत तर असाच एक पेच येतो: ग्लूम तीन देवळांत कड्यावर शपथ घेतो, पण शब्द अशा चलाखीने रचतो की ऐकणाऱ्याला नकार वाटावा आणि खरे पाहता कबुली असावी; ही पळवाट उघड झाल्यावर त्याला आपली जमीन सोडून जावे लागते. इंग्लंडच्या जुन्या बखरीत 876 सालच्या नोंदीत डेन लोकांनी राजा आल्फ्रेडसमोर आपल्या पवित्र कड्यावर शपथ घेतल्याचे आणि नंतर रात्रीतून एक्झिटरकडे निसटल्याचे लिहिले आहे. या कथांनी शपथेचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. जे लोक शब्द पाळणे सोपे समजत नव्हते, आपल्या सर्वांत थोर देवालाही ज्यांनी या बाबतीत माफ केले नाही, त्यांच्या श्रद्धेचे वजन या उदाहरणांवाचून कळत नाही. एवढी चांगली मार्गदर्शिका असताना हा भाग गाळला जावा, याचे मला वाईट वाटले.

दुसरी तक्रार पुस्तिकेविषयी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. चकचकीत कागदावर छापलेल्या या पुस्तिकेत धैर्य, सत्य, मान, निष्ठा, शिस्त, आतिथ्य, उद्योग, स्वावलंबन आणि चिकाटी असे नऊ सद्गुण ‘वायकिंग काळातील आचारसंहिता’ म्हणून दिले आहेत. ही यादी वायकिंग काळातली नाही. ती 1970 च्या दशकात नॉर्स धर्माचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या आधुनिक गटांत तयार झाली. गुण वाईट नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना हावामालमध्ये आधारही सापडतो. परंतु जुन्या काव्यात त्या नऊ आज्ञा म्हणून कुठेही येत नाहीत. हावामालचा उपदेश फार वेगळ्या धाटणीचा आहे. पाहुण्याने किती प्यावे, मित्राला भेट कशी परत करावी, अनोळखी घरात शिरताना दारे कशी न्याहाळावीत, मूर्खाने गप्प बसणे का बरे, अशा व्यवहाराच्या गोष्टी त्यात आहेत, आणि त्यांतच गुरे मरतात, सगेसोयरे मरतात, पण मिळवलेले चांगले नाव मरत नाही, हे प्रसिद्ध कडवे येते. जो दौरा तोंडी एवढी सावधगिरी बाळगतो, त्याने छापील मजकुरात मात्र अशी चूक लोकांच्या माथी मारावी हे पटत नाही. दिवस संपताना मी हे संस्थेला लेखी कळवले आहे.

तिसरी गोष्ट किरकोळ. ओक्सारा नदीतल्या बुडवण्याच्या डोहापाशी बराच वेळ गेला. तिथे 18 स्त्रियांना देहदंड म्हणून बुडवले गेले आणि त्यांची आठवण ठेवणे योग्यच आहे, पण ते सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतरच्या कठोर कायद्यांखाली घडले. जुन्या नॉर्स श्रद्धेशी त्याचा संबंध नाही, आणि विषय सोडून गेलेला हा वेळ ओडिनला देता आला असता.

सहलीचा कळस मात्र लोगबेर्गवरच गाठला जातो. आज तिथे एक ध्वजस्तंभ आहे. खडकाची नेमकी जागा कोणती याबद्दल वाद असला तरी मार्गदर्शिका तिथेच थांबून 999 किंवा 1000 सालच्या सभेची हकिकत सांगतात. आरी थोर्गिल्सन याने बाराव्या शतकात लिहिलेल्या इतिहासाचा आधार त्यामागे आहे. ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक एकमेकांच्या कायद्यातून बाहेर पडल्याचे जाहीर करून बसले होते. लढाई जवळ आली होती. तेव्हा निर्णय सोपवला गेला तो थोर्गेइर या कायदेसांग्यावर, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा होता. तो दिवसभर आणि रात्रभर पांघरूण ओढून एक शब्दही न बोलता पडून राहिला. दुसऱ्या दिवशी खडकावर येऊन त्याने प्रथम दोन्ही बाजूंकडून आपण सांगेन तो कायदा पाळण्याचे वचन घेतले, आणि मगच निर्णय सांगितला: सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, अर्भके टाकून देण्याबद्दलचे आणि घोड्याचे मांस खाण्याबद्दलचे जुने नियम चालू राहावेत, देवांना बळी कुणाला द्यायचाच असेल तर गुपचूप द्यावा, साक्षीदार सापडले तर मात्र तीन वर्षांची हद्दपारी. जुन्या धर्माच्या लोकांनी ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच त्यांच्या विरुद्ध निवाडा दिला, आणि तरी त्यांनी तो मानला. आपला धर्म सोडण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी शब्द फिरवला नाही. हे ऐकताना मला त्या लोकांविषयी जो आदर वाटला तो कोणत्याही युद्धकथेने वाटला नव्हता.

आजच्या काळाचाही उल्लेख मोजक्या शब्दांत होतो. 1972 साली स्थापन झालेल्या आणि पुढच्याच वर्षी शासनाची मान्यता मिळालेल्या आसात्रूआरफेलागिद या संघटनेचे लोक दर उन्हाळ्यात थिंगवेलिरला विधी करतात. मार्गदर्शिका स्वतः या संघटनेच्या सदस्य नाहीत, पण त्यांनी त्यांच्याविषयी ना टवाळी केली ना जाहिरात. जिवंत श्रद्धेविषयी बोलण्याची हीच रीत असावी.

सहल आठवड्यातून ठरावीक दिवशीच निघते आणि जागा कमी असल्याने आधी नोंदणी करावी लागते. लहान मुलांना घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण पाहण्यापेक्षा ऐकायचेच फार आहे. घळीत वारा बोचरा असतो, तेव्हा उन्हाळ्यातही जाड कोट आणि हातमोजे बरोबर ठेवावेत. संध्याकाळी परतल्यावर दुसऱ्या दिवसासाठी वेळ राखून ठेवता आला तर रेक्याविकमधील एड्डा या इमारतीतले हस्तलिखितांचे प्रदर्शन पाहावे. वर सांगितलेली हावामाल आणि वोलुस्पा ही काव्ये ज्या तेराव्या शतकातील हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत पोहोचली, आणि जे कोपनहेगनहून 1971 साली आइसलँडला परत आले, ते याच संग्रहातले आहे. निवड करता येत असेल तर जूनमधली तारीख घ्यावी. महासभाही त्याच सुमारास भरत असे, आणि तेव्हा अंधार जवळजवळ पडतच नसल्यामुळे लोगबेर्गवर प्रश्न विचारणाऱ्यांना मार्गदर्शिका घाईने आवरते घेऊन गाडीकडे नेत नाहीत.